खाचेतून सुटलेला स्क्रूड्रायव्हर

आठ दिवस झाले पण ही केस डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतोय. मी जुने फिल्म कॅमेरे दुरुस्त करतो, आणि बाहेरच्या माणसाला वाटतं की या कामात सगळा वेळ तुटलेले पार्ट बदलण्यात जात असेल. तसं नाहीये. अर्धा वेळ सुकून गोंद झालेलं ग्रीस काढण्यात जातो आणि उरलेला अर्धा आधी कुणीतरी घरी केलेली दुरुस्ती उलटी करण्यात.

तर एक तरुण फोटोग्राफर मुलगी आली ती हॅसलब्लाड ५०० सी/एम कॅमेरा घेऊन, ८० एमएम प्लानर लेन्स, मागे १२ फोटोंचं मॅगझिन म्हणजे फिल्मची सुटी होणारी डबी आणि आत अर्धी शूट झालेली फिल्म. बॉडीच्या सिरीयल नंबरात यूसी होतं म्हणजे बॉडी १९७५ची. या नंबरांची गंमत मला अजून आवडते, व्ही एच पी आय सी टी यू आर ई एस अशी १० अक्षरं आहेत, पहिली दोन व्हिक्टर हॅसलब्लाडची आणि पुढे पिक्चर्स, प्रत्येक अक्षर म्हणजे १ ते ९ आणि शेवटी ०, म्हणून यू म्हणजे ७ आणि सी म्हणजे ५. कॅमेरा हातात आला की मी आधी हे वाचतो. त्या दिवशी पण आधी हेच वाचलं, आणि जे बघायला हवं होतं ते बघितलं नाही.

"काका, परवा शूट आहे आणि हा जॅम झालाय, होईल ना?" ती घाईत होती. फोटोग्राफीतून नुकतंच बाहेरचं काम मिळायला लागलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर असते ती घाई. मी विचारलं, "कुणी उघडायचा प्रयत्न केलाय का?" ती म्हणाली नाही.

हा जॅम म्हणजे काय ते सांगतो कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. या कॅमेऱ्यात शटर बॉडीत नसतं, लेन्सच्या पोटात असतं. बॉडीत फक्त आरसा आणि त्याच्यामागे फिल्म झाकणारे दोन पल्ले. एरवी लेन्समधलं शटर उघडंच असतं, त्यातून आपण बघतो. कळ दाबली की आधी लेन्समधलं शटर बंद होतं, ॲपर्चर ठरवल्या आकड्यावर येतं, आरसा वर जातो, मागचे पल्ले उघडतात, आणि हे सगळं झाल्यावर लेन्समधलं शटर उघडून मिटतं, तो खरा फोटो. डोळा मिटून उघडेपर्यंत एवढं सगळं ओळीने होतं. १९५७च्या ५०० सीपासून हे असंच आहे आणि यात एकही बॅटरी नाही, नुसत्या स्प्रिंगा आणि चाकं. मी इतकी वर्षं हे उघडतोय तरी प्रत्येक वेळी मान द्यावीशी वाटते. फोटो झाल्यावर आरसा वरच राहतो, क्रँकचा, म्हणजे बाजूच्या हँडलचा, फेरा पूर्ण केला की खाली येतो. नवीन लोक इथेच घाबरतात की बंद पडला, तो बंद पडलेला नसतो.

आता बॉडीने लेन्सला कसं सांगायचं की शटर भर, म्हणजे स्प्रिंग ताणून तयार ठेव? त्यासाठी बॉडीत समोरच्या बाजूला एक छोटा दांडा आहे, त्याची जीभ लेन्सच्या मागच्या खाचेत बसते. लेन्सच्या खाचेपाशी लाल खूण असते. लेन्स भरलेली असेल तर खाच त्या खुणेवर, तेव्हाच लेन्स बसते आणि तेव्हाच सुटते. बॉडी भरलेली आणि लेन्स रिकामी अशी चुकामूक झाली की दोघं एकमेकांत अडकतात. क्रँक फिरत नाही, कळ चालत नाही, लेन्स सुटत नाही. बऱ्याचदा हे एक्स्टेंशन ट्यूब, म्हणजे जवळचे फोटो काढायला लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावायची नळी, लावताना होतं. किंवा लेन्स नुसती टेबलावर असताना कुणाचा तरी हात लागून भरलेलं शटर सुटतं, मग लोक नाण्याने ती खाच फिरवतात पण खुणेपर्यंत पूर्ण आणत नाहीत, जरा अलीकडेच सोडतात आणि जोर लावून बसवतात. हिच्या बाबतीत हेच झालं होतं, नाण्याचं तिने स्वतः सांगितलं.

तिचा आरसा वर अडकला होता. मॅगझिन काढायला डार्क स्लाइड, म्हणजे फिल्म झाकणारी पातळ पट्टी, लागते, ती आत सरकवल्याशिवाय मॅगझिन सुटतच नाही, आणि ते बरंच आहे, नाहीतर लोकांनी किती फिल्म उजेडात जाळल्या असत्या. स्लाइड तिच्याकडे होती, खिशात. घातली, मॅगझिन काढलं, फिल्म वाचली. मग मागचे पल्ले बोटाने हलकेच आत ढकलले, आणि आत उजवीकडे खाली त्या दांड्याचं मागचं टोक दिसतं, मोठ्या स्क्रूच्या डोक्यासारखं, त्यात खाच. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर तिथे बसवायचा आणि घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरवायचं, साधारण एक फेरा, स्प्रिंगचा जोर हाताला जाणवतो, शेवटी टक्क असा आवाज येतो, लेन्स भरली. लगेच लेन्स फिरवून काढायची. एवढंच काम आहे.

या कामासाठी माझा वेगळा स्क्रूड्रायव्हर आहे. टोक मी स्वतः घासून चौकोनी केलंय, २.५ मिमी रुंद, खाचेच्या जाडीला बरोबर बसतं, आणि दांड्याला टोकाच्या अगदी जवळपर्यंत टेप गुंडाळलेली, कारण आरसा वर असला की त्या दांड्याच्या शेजारीच, बोटभर अंतरावर लेन्सची मागची काच उघडी असते. घरच्या स्क्रूड्रायव्हरने हे करणाऱ्यांबद्दल मला खरंच राग आहे. व्हिडिओत दोन मिनिटांत दाखवतात आणि बघणाऱ्याला वाटतं हातात स्क्रूड्रायव्हर आहे म्हणजे झालं, पण टोक गोल झालेलं, रुंदी चुकीची, हात थरथरतोय आणि आत अंधार. अशा घसरलेल्या टोकांनी गेलेल्या तीन लेन्स माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत.

माझा नियम असा की आत काहीही घालायच्या आधी टॉर्च मारायचा, भिंगाने मागची काच बघायची, फोनवर एक फोटो काढायचा. नेहमी करतो. त्या दिवशी ती समोर उभी, तिला परत पोचायचं होतं, बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक प्रोजेक्टर उघडा पडलेला, आणि मी सरळ स्क्रूड्रायव्हर आत घातला.

टोक खाचेत नीट बसलं नाही. खाचेच्या कडा चावलेल्या होत्या, ते हाताला कळलं, म्हणजे माझ्याआधी तिथे कुणीतरी येऊन गेलं होतं. इथे मी थांबायला हवं होतं. मी जरा दाबून फिरवलं. अर्ध्या फेऱ्यावर टोक खाचेतून उठलं आणि एक बारीक टिक् असा आवाज झाला. परत बसवलं, उरलेला फेरा पूर्ण केला, टक्क झालं, लेन्स सुटली. तिने टाळी वाजवली.

मी लेन्स उजेडात तिरकी धरली आणि मागच्या काचेवर ओरखडा होता. कडेपासून आत साधारण ४ मिमी, एक स्पष्ट रेघ आणि तिच्या बाजूला एक अगदी फिकट रेघ, तिरक्या उजेडातच दिसणारी. नुसतं कोटिंग नाही, नखाला लागत होता.

थोडा वेळ मी काहीच बोललो नाही. मग लेन्स तिच्या हातात दिली आणि भिंग दिलं. ती बराच वेळ बघत राहिली, म्हणाली "हे आधी होतं?" मी म्हणालो "माहिती नाही." मग ती म्हणाली की काल रात्री तिच्या भावाने स्क्रूड्रायव्हरने प्रयत्न केला होता, मी रागवेन म्हणून सांगितलं नाही. मी रागावलोच असतो, पण मग टॉर्च पण नक्की मारला असता.

मी मजुरी घेतली नाही. लेन्स आणि बॉडी दोन्ही भरून जुळवून दिली, दहा वेळा फायर करून दाखवली, मॅगझिन जोडायच्या आधी बॉडीवरची आणि मॅगझिनवरची अशा खुणेच्या दोन्ही छोट्या खिडक्या बघायला शिकवलं, दोन्ही पांढऱ्या किंवा दोन्ही लाल असायला हव्यात, एक पांढरी एक लाल असेल तर एकतर फोटोवर फोटो येतो किंवा एक फ्रेम कोरी जाते. लेन्स आणि बॉडी नेहमी भरूनच एकमेकांना लावायची-काढायची हे दोनदा सांगितलं. ती गेली.

माझा जोडीदार म्हणाला, भावाने केलंय हे तिनेच सांगितलं ना, मग विषय संपला. तो माणूस चांगला आहे, इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्याचा हात धरणारा कुणी नाही, पण ही त्याची सवय मला कधीच पटली नाही, गिऱ्हाईक स्वतःहून दोष घेतंय म्हटल्यावर घेऊ द्यायचा. तिने दोष घेतला कारण तिला तो आवाज ऐकू आला नव्हता. मला आला होता.

त्या रात्री मी ड्रॉवरमधली एक मेलेली लेन्स एका रिकाम्या बॉडीला लावली आणि तोच स्क्रूड्रायव्हर घालून मुद्दाम घसरवून बघितला, वीस-पंचवीस वेळा. टेप असली तरी टोकाचा उघडा भाग काचेच्या कडेपर्यंत पोचतो, हे मला आधी माहिती नव्हतं. पोचतो, पण ४ मिमी आतपर्यंत जायला हात बराच वाकडा व्हावा लागतो, आणि माझा हात त्या वेळी तेवढा वाकडा होता का ते आठवत नाही. टोक उठल्यावर जो आवाज येतो तो धातूवर वेगळा येतो आणि काचेवर वेगळा, हेही ऐकून बघितलं. काचेवरचा जास्त कोरडा असतो. त्या दिवशीचा टिक् यातला कुठला होता? पहिल्या दिवशी मला वाटत होतं धातूचा. आता इतक्या वेळा वाजवून बघितल्यावर मूळ आवाजच आठवेनासा झालाय.

मग त्या दोन रेघा. त्या एकाच टोकाच्या दोन कोपऱ्यांच्या असू शकतात. तिच्यासमोरच भिंगातून फोटो काढला होता, तो मोठा करून अंतर मोजलं, दोन मिमीच्या जरा वर येतं. माझं टोक २.५. पण काच गोलाकार आहे आणि टोक तिरकं लागलं तर रेघांमधलं अंतर कमी येणारच, त्यामुळे माझं टोक यातून सुटत नाही. भावाचं पण सुटत नाही.

मागच्या काचेवरचा ओरखडा पुढच्यापेक्षा वाईट, हे लोकांना सांगितलं तर पटत नाही. पुढच्या काचेवर प्रत्येक बिंदूचा उजेड मोठ्या भागातून येतो, तिथे एक रेघ त्यात हरवून जाते. मागे तोच उजेड अरुंद होत फिल्मकडे चाललेला असतो, तिथली रेघ जास्त जागा अडवते, आणि लहान ॲपर्चरवर आणखीच. तिने शूट केलं आणि निगेटिव्ह मला आणून दाखवल्या, ते पण तिचं मोठेपण. लाइट टेबलवर बाराच्या बारा फ्रेम भिंगाने बघितल्या. अकरा एकदम स्वच्छ, प्लानर अशी का प्रसिद्ध आहे ते कळावं इतक्या स्वच्छ, पापण्यांचा एकेक केस वेगळा. बाराव्यात खिडकी पाठीमागे होती आणि एका कोपऱ्यात हलका धुरकट पट्टा होता. तिला दिसला नाही. मी दाखवला तेव्हा म्हणाली, "काका, हे तर छान वाटतंय." मला ते छान वाटलं नाही.

एक मार्ग आहे. माझ्याकडच्या मेलेल्या लेन्समध्ये एक ८० एमएम आहे, शटर गेलेलं पण मागच्या काचा निर्मळ. मागचा भाग बदलता येईल. पण कारखान्यात त्या लेन्सच्या काचा एकमेकींशी जुळवून बसवलेल्या असतात, दुसऱ्या लेन्सचा अर्धा भाग इथे आणला की फोकस थोडा इकडे तिकडे होऊ शकतो, मग शिम म्हणजे पातळ चकत्या घालून परत जुळवणं आलं, आणि आता जी लेन्स बारापैकी अकरा वेळा निर्दोष फोटो देतेय ती मी माझ्या मनाच्या समाधानासाठी उघडायची का? आणि ही सिस्टीम २०१३ला बंद झाली, नवीन काच कुठून येणार नाही, चुकलं तर मागे फिरता येणार नाही. तीन वेळा बाकावर कापड अंथरलं आणि गुंडाळून ठेवलं.

शनिवारी ती शटर साफ करायला लेन्स आणणार आहे, एक सेकंदाचा स्पीड सव्वा सेकंदापर्यंत गेलाय, जुनं ग्रीस, ते काम साधं आहे. येताना भावाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन ये म्हणून सांगितलंय. तिने विचारलं कशाला, मी म्हणालो टोकाची रुंदी मोजायची आहे. ती म्हणाली, "काका, मी कुणाला काही म्हणतच नाहीये." मी म्हणालो, आण तरीपण.