कोऱ्या बरणीतले पिवळे कण

सांगलीला समुद्र नाही, आणि आमची कृष्णाही कोकणाकडे पाठ करून बंगालच्या उपसागराला जाते. तरीही गेल्या फेब्रुवारीत रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, बर्फाच्या पेटीतून आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आल्या. माझ्या एका विद्यार्थिनीने एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी त्यांच्यातले मायक्रोप्लास्टिक, म्हणजे पाच मिलिमीटरपेक्षा लहान कण, मोजायला घेतले होते.

शिंपल्यातले जीव फारसे हलत नाहीत आणि पाणी गाळूनच पोट भरतात, म्हणून त्यांच्या अंगात जे साठते ते त्या जागेची खबर देते. याच आधारावर सागरी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये ‘मसल वॉच’ची, म्हणजे शिंपल्यांवरून समुद्राच्या प्रदूषणावर नजर ठेवण्याची, कल्पना मांडली. प्लास्टिकच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. नको असलेले बरेच कण हे जीव चिकट स्रावात गुंडाळून बाहेर टाकतात, त्यामुळे तिसरीत सापडलेले कण म्हणजे खाडीच्या पाण्यातल्या कणांचा थेट हिशेब नव्हे, असे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितले होते.

मांस १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड या अल्कलीमध्ये ६० अंशांवर दिवसभर ठेवले की विरघळते आणि बहुतेक प्लास्टिक शाबूत राहते. उरलेले गाळून, त्याला प्लास्टिकला धरून चमकणारा नाइल रेड हा रंग देऊन, निळ्या उजेडात नारिंगी फिल्टरमधून पाहायचे. सोबत एक बरणी मांसाविना, पण बाकी सगळे संस्कार करून ठेवायची, म्हणजे बाहेरून काही पडले तर कळते. तीच आमची कोरी बरणी.

त्या दुपारी पहिल्या गाळणकागदावर चांदणे पडावे तसे ठिपके चमकले. तिचा चेहरा उजळला आणि माझीही छाती धडधडली. मग तिने कोऱ्या बरणीचा कागद सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला, आणि तिथेही तेच चांदणे होते. बराच वेळ आम्ही दोघी बोललो नाही.

साध्या उजेडात ते कण पिवळे आणि वेड्यावाकड्या कडांचे दिसले. “मॅडम, ही हळद तर नसेल? आमच्या घरात सध्या सगळीकडे अशीच बसलीय,” ती हळूच म्हणाली. ती हरिपूरची, आणि दिवस नव्या हळदीचे. हळदीतले कर्क्युमिन निळ्या उजेडात चमकते, हे मला ठाऊक होते. ते आठवले मात्र तिच्या बोलण्यामुळे.

पडताळा घरगुती होता. चुन्याने हळद लाल होते, त्यावरच तर कुंकू बनते. मी कोऱ्या बरणीच्या कागदावर अल्कलीचा एक थेंब सोडला, आणि भिंगाखाली एकेका पिवळ्या कणाभोवती तांबूस वलय पसरत गेले. ती पडली कधी, हा दुसरा प्रश्नही याच खुणेने सुटला. ही हळद तिसरीच्या पोटातली असती, तर दिवसभर गरम अल्कलीत राहून पिवळी उरली नसती. ती गाळताना किंवा त्यानंतरच पडली होती. गाळणयंत्राशेजारच्या खुंटीवर तिची ओढणी लटकत होती.

तिला रडू आवरेना. मी तिला सांगितले की कोरी बरणी ठेवली म्हणूनच हे कळले, नाहीतर भाट्याच्या खाडीच्या नावावर हरिपूरची हळद लागली असती, आणि तिसऱ्या विकून घर चालवणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय आला असता.

तिसऱ्यांच्या कागदावर काही निळे धागे उरले होते, पण त्यांतला एक कोऱ्या बरणीतही होता. ती पूर्ण तुकडी आम्ही बाद केली. वहीत कोऱ्या बरणीपुढच्या रकान्यात तिने स्वच्छ अक्षरात ‘हळद’ असे लिहिले, ओढणी घडी करून बाहेरच्या कपाटात ठेवली, आणि पुढच्या ओहोटीच्या तिसऱ्यांसाठी रत्नागिरीला फोन लावला.