निगेटिव्हचा डबा, भाग 2: रंगीत संपल्या, स्लाइड अर्ध्यावर

मंडळी, आधी कुठवर आलोय ते सांगतो. घरातल्या 35 मिमी रंगीत निगेटिव्ह सगळ्या स्कॅन झाल्या. स्लाइड अर्ध्यावर आहेत. ब्लॅक अँड व्हाइट पट्ट्या निवडून ठेवल्यात, पण त्यांची घाई नाही. सगळं काम दसरा ते होळी याच काळात चालतं. पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत मी पाकिटं उघडतच नाही, कारण फिल्मवरचा जिलेटिनचा थर दमट झाला की बुरशीला आयतं खाद्य मिळतं. एरवी सगळं हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

स्कॅनर पहिल्या भागातलाच, प्लसटेक ऑप्टिकफिल्म 8200 आय, फक्त 35 मिमी फिल्मचा. होल्डर हाताने सरकवावा लागतो. खोक्यावर 7200 डीपीआय (इंचाला इतके ठिपके) छापलंय, पण प्रत्यक्षात पदरात पडणारा तपशील निम्म्याच्या आतबाहेर. मी 3600 वर थांबतो. 24 बाय 36 मिमीच्या फ्रेममधून साधारण 5100 बाय 3400 पिक्सेल मिळतात आणि 48 बिटची टिफ फाइल शंभर एमबीच्या पुढे जाते. 7200 ला तीच चारशेच्या वर. घरच्या पॉइंट अँड शूट कॅमेऱ्याने काढलेल्या लग्नाच्या पंगतीत इतकं दडलेलं तरी काय असणार? ज्यांना भिंतभर प्रिंट काढायचीय त्यांनी खुशाल 7200 ला स्कॅन करून फाइल नंतर लहान करावी. थोडा फरक पडतो, नाही असं नाही.

रंगीत निगेटिव्हमध्ये खरी डोकेदुखी नारिंगी मास्कची, म्हणजे फिल्मवर मुळातच असलेल्या नारिंगी झाकेची. सुरुवातीला दर फ्रेम ऑटोवर सोडली की एकाच रोलमधल्या दोन फोटोंत एकाच साडीचे दोन रंग यायचे. आता व्ह्यूस्कॅन या स्कॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये पट्टीच्या सुरुवातीचा किंवा दोन फ्रेममधला कोरा भाग निवडतो, त्यावरून एक्स्पोजर लॉक करतो, मग फिल्म बेसचा, म्हणजे कोऱ्या फिल्मचा रंग लॉक करतो आणि तो अख्खा रोल त्याच मापाने काढतो. कोडॅक गोल्ड, कोनिका, फ्यूजी, प्रत्येकीचा बेस थोडा वेगळा, त्यामुळे नवा रोल आला की नवं लॉक. पट्टीच्या कडेला फिल्मचं नाव छापलेलं असतंच. फोटो उलटा आलाय का हेही त्या अक्षरांवरूनच कळतं: अक्षरं सुलट वाचता येतात ती चकचकीत बाजू, उलटी दिसतात ती इमल्शनची, म्हणजे चित्राच्या थराची मंद बाजू. गेल्या खेपेला दोघांनी विचारलं होतं म्हणून पुन्हा लिहिलं.

या स्कॅनरला ऑटोफोकस नाही. पट्टी वाकलेली असेल तर मधला भाग लख्ख आणि कडा मऊ. स्टुडिओवाल्यांनी गुंडाळून दिलेल्या पट्ट्या मी बटर पेपरमध्ये घालून जाड शब्दकोशाखाली आठवडाभर ठेवतो. त्याहून सोपा उपाय मला सापडलेला नाही.

इन्फ्रारेड क्लीनिंगबद्दल, म्हणजे धूळ-ओरखडे आपोआप पुसण्याबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. रंगीत फिल्म धुताना तिच्यातली चांदी निघून जाते, उरतात फक्त रंगद्रव्यं. इन्फ्रारेड प्रकाश त्यांच्यातून आरपार जातो, पण धूळ, केस, ओरखडे त्याला अडवतात. म्हणजे लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीच्या या चौथ्या चॅनेलमध्ये निव्वळ कचऱ्याचा नकाशा मिळतो, आणि सॉफ्टवेअर तेवढ्याच जागा आजूबाजूच्या रंगाने बुजवतं. जुन्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चित्रच चांदीचं असतं. तिथे हे चालू ठेवलं तर स्कॅनर आजोबांच्या मिशीलाच कचरा समजतो. ऑर्वोची फिल्म असो की उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू, तिथे ब्लोअर, मऊ ब्रश आणि नंतर हाताने एकेक ठिपका काढणं, एवढंच हाती आहे. म्हणूनच त्या पट्ट्या शेवटी ठेवल्यात.

बुरशीचं प्रकरण वेगळं. एका गणपतीच्या रोलवर भिंगातून पाहिलं तर मखराच्या बाजूने कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरले होते. वर वर वाढलेले धागे इन्फ्रारेडने बऱ्यापैकी गेले. जिथे बुरशीने इमल्शनच खाल्लंय तिथे माहितीच उरलेली नाही, सॉफ्टवेअर फक्त ठिगळ लावतं. अशा पट्टीला पाणी लावायचं नाही, कारण बुरशीने पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळू लागतं. मी आधी स्कॅन करून घेतो, मग 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आधी कोपऱ्यावर तपासून, हलक्या हाताने पुसतो.

त्याच रोलने एक मजाही दाखवली. अल्बममधल्या पोस्टकार्ड प्रिंटमध्ये आरतीचं तबक धरलेले फक्त दोन हात डाव्या कडेला दिसतात. हात कुणाचे यावर घरात दोन मतं होती. प्रिंट काढताना मशीन कडा थोड्या कापतं. निगेटिव्हमध्ये त्या हातांमागचा अर्धा चेहरा शाबूत आहे. आत्याला पाठवला तर तासाभराने उत्तर, "अरे, मीच की ती! बांगड्या बघ ना." पाकिटात असे न छापलेले फोटोही निघाले, कारण तेव्हा चांगले तेवढेच छापायचे. हललेले, डोळे मिटलेले, पाठमोरे. मी तेही ठेवतोय, कमी रिझोल्यूशनला का होईना.

तारखांचं काम कंटाळवाणं, पण टाळू नका. स्कॅन केलेली फाइल आजची तारीख घेऊन येते आणि फोनच्या गॅलरीत 1991 ची मुंज परवाच्या जेवणाशेजारी जाऊन बसते. एक्झिफटूल या प्रोग्रॅमने फाइलमध्ये मूळ तारीख टाकतो. नक्की दिवस माहीत नसेल तर महिन्याची एक तारीख, आणि वर्णनात "अंदाजे". पाकिटावर जे काही खरडलेलं असेल ते फाइलच्या नावात जसंच्या तसं.

आता स्लाइड. यातला मोठा गठ्ठा अमेरिकेतल्या मामांचा, सगळा कोडाक्रोम या कोडॅकच्या स्लाइड फिल्मचा. पुठ्ठ्याच्या माउंटवर धुतल्याचा महिना आणि साल छापलंय, त्यामुळे तारखांचा प्रश्न आपोआप मिटला. अंधाऱ्या कपाटात इतकी वर्षं काढून रंग टिकलेत, त्याबाबतीत कोडाक्रोमला तोड नाही. 2009 मध्ये कोडॅकने ती बंद केली आणि कॅन्ससमधल्या ड्वेन्स फोटो या शेवटच्या लॅबने 2010 अखेरीला रोल घेणं थांबवलं. पुढे ती धुऊन मिळणं संपलं.

स्कॅनरला मात्र ती फिल्म रुचत नाही. साध्या स्लाइडच्या सेटिंगवर निळसर झाक येते, म्हणून सिल्व्हरफास्ट या दुसऱ्या स्कॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये कोडाक्रोमचा वेगळा पर्याय निवडतो. तिचा निळसर-हिरवा रंग इन्फ्रारेड थोडा अडवतो, त्यामुळे क्लीनिंग चालू असलं की काळ्या केसांची टोकं किंवा खिडकीचे गज पुसट होतात. शनिवारवाड्याच्या दरवाजाच्या एका स्लाइडवर काही खिळ्यांची टोकंच बोथट झाली! तेव्हापासून कोडाक्रोमला इन्फ्रारेड बंद, ब्लोअर जास्त. गडद सावल्यांसाठी मल्टी एक्स्पोजर (एकच फ्रेम दोनदा स्कॅन) चालू करतो. वेळ दुप्पट लागतो, पण सावलीतले नको असलेले दाणे (नॉइज) बरेच कमी होतात.

उरल्या चौकोनी निगेटिव्ह, आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या, 120 फिल्मवर 6 बाय 6 सेंटिमीटर. त्या या स्कॅनरमध्ये जातच नाहीत. मित्राकडे एप्सन व्ही 600 स्कॅनर आहे आणि तो शनिवारी द्यायला तयार आहे. क्लिक थ्रीची लेन्स एकाच काचेची, कडा मुळातच मऊ, तेव्हा 1800 डीपीआय पुरेसं व्हावं. चार हजार पिक्सेलच्या जवळपास बाजू मिळते. दुसरा मार्ग मॅक्रो लेन्स आणि लाइट पॅनेलचा, म्हणजे निगेटिव्हचाच कॅमेऱ्याने फोटो काढायचा; तो वेगवान खरा, पण माझ्याकडे कॉपी स्टँड (कॅमेरा खाली तोंड करून धरणारा स्टँड) नाही. तुमच्यापैकी कुणी क्लिक थ्रीच्या निगेटिव्हचे असे कॅमेऱ्याने फोटो काढले असतील तर त्या सपाट कशा धरल्यात तेवढं सांगा. माझ्या पट्ट्या चांगल्याच गुंडाळल्या जातात.