हरलो

टोकियोत दुभाषाचं काम करायला लागून मला अकरा वर्षं झाली. बहुतेक दिवस कारखान्यांत जातात: वेल्डिंगच्या तक्रारी, सुट्या भागांची मापं, कराराची कलमं. आमच्या कामाचा पहिला नियम असा की, बोलणारा माणूस 'मी' म्हणाला तर आपणही 'मी'च म्हणायचं. 'ते असं म्हणताहेत' हे शब्द मध्ये आणायचे नाहीत. जपानी क्रियापदाला लिंग नसतं, मराठीत ते टाळता येत नाही. त्यामुळे समोर पुरुष असला की मी दिवसभर 'मी गेलो, मी तपासलं, मी विसरलो' असं बोलत असते. पुण्यात जपानी शिकत होते तेव्हा याचं हसू यायचं. आता जिभेला वळण पडलंय.

त्या रविवारचे पाहुणे मात्र कारखान्याचे नव्हते. कोल्हापूरचे एक बुद्धिबळ प्रशिक्षक आणि त्यांची बारा वर्षांची पुतणी. सेंदागाया स्टेशनच्या दारात ती धावतच आली, "ताई, मी आलो!" कोल्हापूरकडच्या मुली स्वतःबद्दल अशाच बोलतात, हे मला हॉस्टेलच्या दिवसांपासून माहीत. पण इतक्या लांब ते कानावर पडलं आणि बरं वाटलं.

सरांनी आधीच कळवलं होतं की त्यांना शोगीचे, म्हणजे जपानी बुद्धिबळाचे, व्यावसायिक खेळाडू कसे घडतात ते बघायचंय. सेंदागायातच जपान शोगी संघटनेचं मुख्य ठिकाण आहे. जवळच्या हातोनोमोरी हाचिमान देवळाच्या आवारात शोगीसाठी वेगळी छोटी घुमटी आहे, आत भलंमोठं लाकडी मोहरं ठेवलंय. तिथे नमस्कार करता करता मी सोता फुजिईबद्दल सांगायला घेतलं: 2016 च्या ऑक्टोबरात, वयाच्या 14 वर्षं 2 महिन्यांत व्यावसायिक झाला, पहिले सलग 29 डाव जिंकला, 2023 मध्ये आठही किताब त्याच्याकडे होते. सरांनी हात वर करून थांबवलं. "मॅडम, जिंकलेल्यांचं वाचलंय मी सगळं. जो पोचला नाही त्याला भेटवा. माझ्याकडची बहुतेक पोरं तशीच असणार की."

तसे एक गृहस्थ ठरवून ठेवले होते. टोकियोच्या पश्चिमेला एका उपनगरात, नागरी सभागृहाच्या तातामी चटयांच्या खोलीत ते लहान मुलांचा शोगीचा वर्ग घेतात. वय एकेचाळीस. आम्ही पोचलो तेव्हा पोरं नुकतीच घरी गेली होती आणि ते गुडघ्यांवर बसून मोहरे मोजत होते. एका संचात चाळीस असतात, आणि वर्ग सुटला की ते प्रत्येक संच मोजूनच डबीत भरतात.

सरांनी पट पाहिला आणि लगेच रमले. नऊ बाय नऊ घरं, दोन्हीकडचे मोहरे एकाच रंगाचे, टोक ज्याच्याकडे तो शत्रू. मारलेला मोहरा मरत नाही, तो आपल्या बाजूने पुन्हा पटावर उतरवता येतो. 'चांदी' नावाच्या मोहऱ्याची चाल बघून तर त्यांनी मांडीवर थाप मारली. एक घर सरळ पुढे, नाहीतर चारी कोपऱ्यांत एक घर. "हा तर आपल्या जुन्या बुद्धिबळातला हत्ती! चार पाय नि एक सोंड. आपल्याकडे आलेल्या अल् बिरुनी पंडितानं लिहून ठेवलंय हजार वर्षांपूर्वी." मी हे जपानीत सांगितल्यावर त्या गृहस्थांनी चांदी उचलली, तळहातावर ठेवली आणि बराच वेळ बघत राहिले.

मग सर विचारू लागले आणि मी 'मी' होऊन बोलू लागले.

"मी बाराव्या वर्षी शोरेइकाईत आलो. ही संघटनेची खेळाडू घडवणारी शाळा. एखाद्या व्यावसायिक खेळाडूनं गुरू म्हणून शिफारस केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. क्यू आणि त्यावरचे दान या पायऱ्या: सहाव्या क्यूपासून सुरुवात, वर चढत तिसऱ्या दानपर्यंत. एकविसाव्या वाढदिवसाच्या आत पहिला दान मिळाला नाही तर बाहेर. तिसऱ्या दानवाल्यांची वर्षात दोनदा स्पर्धा, प्रत्येकाचे 18 डाव. पहिले दोघं चौथ्या दानावर जातात. व्यावसायिक म्हणतात ते तिथून."

"म्हणजे वर्षाला चार," सर म्हणाले. "अख्ख्या देशात."

"साधारण चारच. आणि सव्विसाव्या वर्षापर्यंतच."

सरांनी पुतणीकडे बघितलं. बुद्धिबळात 2500 चं रेटिंग आणि तीन नॉर्म पन्नाशीत पुरे झाले तरी माणूस ग्रँडमास्टर होतो, वय कुणी विचारत नाही. इथे वाढदिवसाचा केक आणि निरोप एकाच वर्षी.

शोरेइकाईतल्या मुलांना खेळण्याचे पैसे मिळत नाहीत. मोठ्यांच्या डावांची नोंद ठेवली की थोडाफार भत्ता मिळतो. हा भाग त्यांनी फार आवडीने सांगितला. गुडघे मोडून दिवसभर बसायचं, प्रत्येक चाल आणि तिला लागलेला वेळ लिहायचा. वर्गवारी स्पर्धेत प्रत्येकाला सहा-सहा तास असतात, डाव मध्यरात्रीनंतरही चालतो. वेळ संपत आली की सेकंद मोठ्याने मोजायचे. त्यांनी मोजून दाखवले: तीस सेकंद, चाळीस सेकंद, पन्नास, एक, दोन, तीन. आवाज अगदी सपाट, कुणाचीही बाजू न घेणारा. "माझ्या समोर माझे गुरू हरत होते, तरी मी याच आवाजात मोजलं," असं मी त्यांच्या वतीने म्हणाले, आणि मला माझंच काम आठवलं.

पुतणी खिडकीशी जाऊन बसली होती. सरांनी शेवटच्या दिवसाबद्दल विचारलं.

सव्वीस पूर्ण झाले ती स्पर्धा. नियम असा की त्या स्पर्धेत हारीपेक्षा जीत जास्त झाली तर पुढची खेळता येते, आणि असं करत जास्तीत जास्त एकोणतीसपर्यंत थांबता येतं. शेवटच्या दिवशी दोन डाव उरले होते. नऊ जिंकलेले, सात हरलेले. दोनातला एक पुरेसा होता. सकाळचा गेला.

दुपारी समोर सतरा वर्षांचा मुलगा. नव्वदाव्या चालीच्या सुमाराला कळलं होतं की राजा आता वाचत नाही. तरी आणखी वीस चाली खेळले. मग पाणी प्यायले, शर्टाची कॉलर नीट केली, मारलेले मोहरे ठेवायच्या छोट्या चौरंगावर उजवा हात ठेवला, मान खाली घातली. हे सांगताना त्यांचा उजवा हात खरंच पटाच्या बाजूला गेला होता. आणि ते म्हणाले, "माकेमाशिता."

माझ्या तोंडून आलं, "हरले."

"कोण हरले?" सरांनी विचारलं.

अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. 'हरलो' म्हणायचं होतं. मराठीत 'हरले' हे त्यांच्याबद्दल आदराने बोललं तरी होतं आणि बाईने स्वतःबद्दल बोललं तरी होतं. त्यांच्या जागी उभं राहून तो एक शब्द म्हणणं मला जमलं नाही. सरांची माफी मागितली, त्या गृहस्थांना झाली चूक जपानीत सांगितली, आणि मग समजावलं की शोगीत हात मिळवून किंवा घड्याळ थांबवून भागत नाही, हरणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने, समोरच्याला ऐकू जाईल असं हे म्हणायचं असतं. पाच वर्षांच्या पोराला मोहऱ्यांच्या चालींबरोबरच हेही शिकवतात.

"म्हणजे डाव सोडला म्हणा की."

नाही. डाव सोडला यात डाव येतो. माकेमाशितामध्ये फक्त माणूस असतो.

नंतर काय झालं, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं. डाव संपल्यावर दोघं मिळून तो पुन्हा मांडून बघतात, त्याला कान्सोसेन म्हणतात. तो सतरा वर्षांचा मुलगा उठून जाऊ शकला असता, पण बसला. एकेक चाल मागे नेत सत्तराव्या चालीपाशी थांबला आणि म्हणाला, इथे घोडा उतरवला असतात तर मला उत्तर नव्हतं. "मला ते दिसलंच नव्हतं. इतकी सुंदर चाल. मी खूश झालो," मी म्हणाले. या वेळी 'लो' बरोबर आला.

परत यायची वाट नाही का, असं सरांनी विचारलं. आहे. शोजी सेगावा सव्विसाव्या वर्षी असेच बाहेर पडले, नोकरी करत हौशी स्पर्धा खेळले आणि 2005 मध्ये खास परीक्षा देऊन पस्तिसाव्या वर्षी व्यावसायिक झाले. त्यानंतर नियमच आला: व्यावसायिकांविरुद्ध दहा विजय आणि 65 टक्क्यांहून कमी नाही अशी कामगिरी केली की पाच डावांची परीक्षा, त्यात तीन जिंकायचे. केन्जी इमाइझुमी एकेचाळिसाव्या वर्षी त्यातून गेले. "माझंही वय आता तेवढंच आहे," एवढं बोलून त्यांनी पुतणीला हाक मारली, खेळायचं का म्हणून.

तिनं महिनाभर मोबाइलवर सराव केला होता, मोहऱ्यांवरची अक्षरं पाठ होती. त्यांनी कपाटातून वेगळी डबी काढली. शोरेइकाई सोडणाऱ्याला मोहऱ्यांचा संच भेट देतात, तो हा. जपून ठेवलेला असेल असं मला वाटलं होतं, पण प्याद्यांच्या कडा मुलांच्या बोटांनी गुळगुळीत झाल्या होत्या, एकाच्या अक्षराचं काळं लाखकाम अर्धं उडालं होतं. आपल्या बाजूचे सहा मोहरे त्यांनी पुन्हा डबीत ठेवले. दोन्ही मोठे, दोन्ही घोडे, दोन्ही भाले. राहिले राजा, दोन सोनं, दोन चांदी आणि नऊ प्यादी.

तरी चाळीस मिनिटांत तिचा राजा कोपऱ्यात गेला. सर मागून काही बोलणार होते, मी नको म्हणून खूण केली. शोगीच्या पटाचे पाय गार्डेनियाच्या फळासारखे कोरतात. जपानीत त्या फळाचं नाव 'बिनतोंडाचा' असंही ऐकू येतं, बघणाऱ्यांनी गप्प बसावं म्हणून.

ती बराच वेळ पटाकडे बघत राहिली. मग कुणी न सांगता उजवा हात पटाशेजारी टेकवला, मान खाली घातली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "हरलो."

"माकेमाशिता," मी जपानीत सांगितलं.

त्यांना आधीच कळलं होतं. तेही वाकले, तिच्याहून खाली. मग सरळ होऊन त्यांनी एकेक मोहरा उलट मागे नेला, पंधरा-वीस चालींपूर्वीच्या एका जागी आले, तिच्या चांदीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता तिलाच विचारलं, "इथे तुझ्या मनात काय होतं?"

मी मराठीत सांगायच्या आत तिनं चांदी उचलली होती.