ओरखडे न पाडता गाडीला वॅक्स : सगळे अडले ते धुण्यापाशीच

गाडीला घरीच वॅक्स करायचे ठरवल्यावर कोणते वॅक्स घ्यावे याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. पण वॅक्स लावण्याआधी रंगावरची धूळ कशी काढावी, हे नीट सांगणारे कोणी भेटले नाही. वॅक्स लावणे आणि पुसणे हे एका दुपारचे, आणि खरोखर आनंदाचे काम आहे. त्याआधी पाण्यासाठी, फडक्यासाठी आणि पार्किंगमधल्या चार फूट जागेसाठी जी ओढाताण झाली, तिचा त्रागा अजून पुरता शमलेला नाही, म्हणून तोच भाग सविस्तर लिहीत आहे.

आमची गाडी गडद निळी आहे. एका सर्व्हिस सेंटरमध्ये नेहमीच्या सर्व्हिसिंगबरोबर ‘मोफत वॅक्स पॉलिश’ करून मिळाले आणि त्यानंतर उन्हात पाहिले, तर बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उमटल्या होत्या. तक्रार केल्यावर “मॅडम, डार्क कलरवर एवढे दिसतेच” असे उत्तर मिळाले. गडद रंगावर ओरखडे जास्त दिसतात हे खरे. पण ते गडद रंगामुळे पडत नाहीत, धुळीवरून फडके फिरवल्यामुळे पडतात. अंधाऱ्या पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरला की प्रकाशाभोवती गोल गोल रेघा दिसतात आणि टॉर्च सरकवला की ती वर्तुळेही सरकतात. ओरखडे प्रत्यक्षात सगळ्या दिशांना गेलेले असतात. त्यांतले जे प्रकाशाच्या दिशेला आडवे असतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. गाडी सर्व्हिसिंगला देताना ‘धुणे आणि पॉलिश करू नये’ असे जॉब कार्डवर लिहून घ्यावे आणि तसा कागद काचेवर आतून चिकटवावा. तोंडी सांगितलेले धुण्याच्या जागेपर्यंत पोहोचतेच असे नाही.

या रेघा मशीनने रबिंग करून काढता येतात, पण त्या काढणे म्हणजे वरचा पारदर्शक थर, म्हणजेच क्लिअर कोट, घासून पातळ करणे होय. आजच्या गाड्यांवर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा ४० मायक्रॉनच्या आसपास असतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले तर दरवर्षी रबिंग करून घेण्याची चैन कोणत्याच गाडीला परवडणार नाही, हे कळते. वॅक्सचा थर तर याहून कितीतरी पातळ असतो. वॅक्समुळे पाणी थेंब होऊन ओघळते, पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक थेट रंगाला चिकटत नाही आणि रंगाला खोली येते. मात्र ओरखडा अडवण्याची ताकद वॅक्समध्ये नसते. वॅक्स लावण्याच्या खटाटोपातच ओरखडे पडले, तर केलेल्या कामाला काही अर्थ उरत नाही.

आता अडलेल्या जागेकडे येते. आम्ही बालेवाडीत राहतो आणि शेजारच्या प्लॉटवर इमारतीचे काम चालू आहे. गाडीवर सकाळी जी धूळ बसलेली असते, तिच्यात सिमेंट आणि खडी फोडताना उडालेली भुकटी तर असतेच, शिवाय वाळूचे कणही असतात. वाळूतले क्वार्ट्झ काचेलाही ओरखडा पाडू शकते, मग क्लिअर कोटची काय कथा. तरीही सोसायटीत रोज सकाळी एक दादा एक बादली आणि एक फडके घेऊन सगळ्या रांगेतल्या गाड्या पुसत जात, आणि तिसऱ्या-चौथ्या गाडीपर्यंत त्या बादलीतले पाणी मातकट झालेले असे. मी त्यांना आमची गाडी न पुसण्याची विनंती केली, तेव्हा ते म्हणाले, “ताई, पुसली नाही तर खाडा धरतात. गाडीवर धूळ दिसली की ऑफिसातून बोलणी बसतात.” त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते. शेवटी मी सोसायटीच्या ऑफिसात लेखी दिले, की आमच्या गाडीच्या फक्त काचा पुसाव्यात, बाकी गाडीला फडके लावू नये आणि त्यासाठी त्यांचे पैसे कापू नयेत.

त्याच कागदावर मी पाण्याचीही मागणी केली आणि तिथून खरी रखडपट्टी सुरू झाली. उन्हाळ्यात टँकर येतात म्हणून आमच्याकडे पाइप लावून गाडी धुण्याला बंदी आहे. ती बंदी योग्यच आहे आणि मी पाइप मागितलाही नव्हता. मला हवी होती ती एका रविवारी, सांडपाण्याच्या जाळीजवळ, सावलीत गाडी उभी करण्याची परवानगी आणि दोन-तीन बादल्या पाणी. मॅनेजरने अर्ज सेक्रेटरींकडे पाठवला, सेक्रेटरींनी तो कमिटीच्या मीटिंगवर ढकलला आणि मीटिंग कोरमअभावी पुढे गेली. प्रत्येक वेळी ऑफिसात गेल्यावर “तुमचा विषय अजेंड्यावर आहे” एवढेच ऐकू येई. इतक्या किरकोळ गोष्टीला इतका वेळ का लागावा, हे मला आजही पटलेले नाही. दरम्यान वॅक्सचा डबा, फोम आणि कोरी फडकी घरात तयार होती आणि गाडीवर धुळीचे थर चढत होते. घरच्यांनी “अगं, कोरड्या फडक्याने झटक आणि लाव वॅक्स” असा आग्रह धरला, तो मी मानला नाही, याचे मला आज फार समाधान वाटते. कोरडे फडके, पिसांचा झाडू, जुना बनियन यांतले काहीही त्या धुळीवर फिरवले असते, तर सर्व्हिस सेंटरने केले तेच मी घरी केले असते.

परवानगी मिळाली, पण पार्किंगच्या नळाला बोअरवेलचे पाणी येते. ते इतके जड आहे, की थेंब सुकला की पांढरे वर्तुळ उरते. हे डाग कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचे असतात आणि ते घासून काढू गेले, की पुन्हा ओरखड्याचीच भीती. आरओ फिल्टरमधून वाया जाणारे पाणी वापरा, असे मला अनेकांनी सुचवले. फरशी पुसायला ते ठीक आहे. पण त्यात गाळून बाजूला काढलेले क्षार एकवटलेले असतात, त्यामुळे गाडीच्या शेवटच्या खंगाळण्यासाठी ते मुळीच घेऊ नये. माझ्या उपयोगी पडले ते एसीचे पाणी. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतल्या बाष्पाचेच असते, त्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. बाल्कनीत बादली ठेवून मी ते साठवले, स्वच्छ कापडातून गाळले आणि शेवटच्या पाण्यासाठी राखून ठेवले.

पाइप नसल्याने धूळ हात न लावता उतरवायची कशी, हा प्रश्न झाडांवर पाणी फवारण्याच्या हातपंपाने सुटला. पंप नवा घ्यावा, औषध भरलेला वापरू नये. त्यात गाडीचा शाम्पू अगदी थोडा घालून मी सगळ्या गाडीवर फवारा मारला आणि काही मिनिटे तसाच राहू दिला; मात्र तो सुकू दिला नाही. मग टपापासून खाली मगाने सावकाश पाणी सोडत गेले. दाराच्या निळ्या पत्र्यावरून मातीचे ओघळ उतरताना पाहिले, तेव्हा लक्षात आले की ही सगळी माती एरवी फडक्याखाली रगडली गेली असती. त्यानंतरच हाताला धुण्याचा मायक्रोफायबरचा मोजा चढवला. स्पंज मी टाळला, कारण खडा त्याच्या सपाट पृष्ठावर अडकून राहतो; मायक्रोफायबरच्या लांब धाग्यांत तो आत शिरतो. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधे पाणी ठेवले आणि मोजा प्रत्येक भागानंतर आधी साध्या पाण्यात झटकून मगच शाम्पूत बुडवला. साध्या पाण्याच्या तळाशी साचलेली रेती काम संपल्यावर अवश्य बघावी. चाकांसाठी आणि बंपरच्या खालच्या भागासाठी वेगळा मोजा घ्यावा आणि तो भाग शेवटी धुवावा. भांडी घासण्याचा साबण वापरू नये. तो आधीचे वॅक्स उतरवतो.

सुकवताना तर सर्वांत जास्त घाई होते. मोठा, जाड मायक्रोफायबरचा टॉवेल पाण्यावर पसरून, हलकेच दाबून उचलावा, ओढू नये. आरशांच्या आणि हँडलच्या फटींतून नंतरही पाणी ओघळते, तिथे टॉवेलचे टोक थोडा वेळ धरावे.

एवढे झाल्यावर हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून बॉनेटवर अलगद बोटे फिरवावीत. उघड्या हाताला जे जाणवत नाही ते पिशवीतून जाणवते. माझ्या बॉनेटवर बारीक खरखर लागली, म्हणून क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेले कण उचलून घेणारा मऊ मातीसारखा गोळा, भरपूर ओला ठेवून, जोर न देता फिरवला. हा गोळा जमिनीवर पडला तर तो टाकून द्यावा, कितीही नवा असो. हेच फडक्यांनाही लागू आहे : पडलेले फडके धुतल्याशिवाय पुन्हा रंगाला लावायचे नाही. नव्या फडक्यांना शिवलेली लेबले आधीच कापून टाकावीत, आणि अंगठी, घड्याळ, पट्ट्याचे बक्कल यांचाही विचार आधीच करावा.

वॅक्सविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. मी कार्नौबाचे घट्ट वॅक्स घेतले. हे मेण ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते आणि साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. डबा घेताना लेबल नीट वाचावे, कारण ‘वॅक्स पॉलिश’ किंवा ‘क्लीनर वॅक्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक उत्पादनांत बारीक घासणारे कण असतात आणि ती वारंवार वापरण्याजोगी नसतात. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. फोमवर बोटाच्या टोकाएवढे वॅक्स घेऊन एकेका भागावर सरळ रेषेत, अगदी पातळ पसरावे. जाड थराने संरक्षण वाढत नाही, पुसताना जोर मात्र जास्त लागतो. थर धुरकट झाला की बोट फिरवून पाहावे; खालचा रंग स्वच्छ दिसला आणि ओशट रेघ उरली नाही, तर पुसण्याची वेळ झाली. फडके चौपदरी घडी करून बाजू बदलत राहावे. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना आणि रबराला वॅक्स लागू देऊ नये, तिथे पांढरे डाग बसतात.

जुन्या रेघा उन्हात अजून दिसतात, पण नवी एकही पडलेली नाही, आणि ही गोष्ट मी अभिमानाने सांगते. वॅक्सनंतर धूळ बसणारच. ती आता मी फवारा आणि दोन बादल्या यांनीच काढते, आणि पक्ष्याची विष्ठा दिसली की ओला कापूस त्यावर काही मिनिटे ठेवून ती मऊ झाल्यावर अलगद उचलते. पावसाचे पाणी बॉनेटवर थेंब न धरता सपाट पसरू लागले, की वॅक्सचा पुढचा हात द्यायचा. फडकी घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, फॅब्रिक कंडिशनर घालू नये, कारण त्याने धागे बुळबुळीत होऊन पाणी टिपत नाहीत. आणि वाळल्यावर ती झाकणाच्या डब्यात ठेवावीत, बाल्कनीच्या कठड्यावर नव्हे.