भांडला असता तर बरं झालं असतं

दादा भांडला असता तर बरं झालं असतं.

मी तयारीनं गेले होते. रंकाळ्याच्या कडेनं चालत, वाक्यं तोंडातल्या तोंडात घोळवत. आणि त्यानं काय केलं, तर खुर्चीवरचे पेपर उचलले, चहा टाकायला सांगितला आणि म्हणाला, "तुझंच घर हाय तायडे, मी कोण बोलणार?" कागद टेबलावरच होता, चष्म्याच्या डबीखाली. त्याच्याकडं आम्ही दोघांनीही बघितलं नाही. वहिनी आतून बाहेर आली नाही, ते एक जाऊ दे. निघताना हातात केळ्यांची पिशवी.

केळी!

रात्री झोप येईना म्हणून वॉरक्राफ्ट लावलं, कॉम्प्युटरवरचा लढाईचा गेम. माझी ऑर्क बाई, हिरव्या राक्षसांच्या जातीतली, त्यांच्या राजधानीच्या, ऑर्ग्रिमारच्या वेशीत उभी, कुऱ्हाड पाठीला. तिचा चक्क हेवा वाटला. तिच्या लोकांत मकगोरा आहे. वाकडं आलं की तोंडावर आव्हान द्यायचं, समोर होर्डचा, म्हणजे त्यांच्या सगळ्या जमातींच्या फौजेचा, सेनापती का असेना. जुन्या रीतीत अंगावर चिलखत चालत नाही. अंगाला तेल, एकच हत्यार, तेही शमनानं मंतरलेलं, आणि किमान एक साक्षीदार. मग एकजण मरेपर्यंत झुंज. थ्रॉल सेनापती असताना त्यानं मधे ती मरायची अट काढली होती, त्याच्या मागून आलेल्या गॅरोशनं परत आणली.

सगळ्यांना त्यातलं मरण दिसतं. मला त्यातलं 'यावं लागतं' एवढंच दिसतं. माघार घेतली तर इज्जत गेली, म्हणून समोरच्याला येऊन उभं राहावंच लागतं. चहा टाकून चालत नाही.

बाबांनी एकदा खासबागेत नेलं होतं. शाहू महाराजांनी 1912 मध्ये उभं केलेलं मैदान, तेव्हापासून आमच्या घरातला प्रत्येक पुरुष तिथल्या कुस्तीवर मत बाळगून आहे. सलामी, हात मिळवणं, एकमेकांच्या अंगाला माती लावणं, मग खडाखडी. कुस्ती निकाली झाली नाही की बाबा चिडायचे. आणि घरात मात्र सगळ्या कुस्त्या बरोबरीत सोडवायचे. आईची, काकूची... असो. बरोबरीत सुटली म्हणायचं आणि एकीची पाठ मातीला लागलेली असायची.

मला आयुष्यात एकदाही कुणी धड आव्हान दिलेलं नाही. ऑफिसात नाही, सासरी नाही. "तू समजूतदार आहेस" म्हणतात. हे वाक्य ऐकलं की समजायचं, काहीतरी गेलं हातातून. समोर कुणी उभंच राहत नाही, मग मी हरते कशी आणि कुणाशी?

इथवर लिहून जरा रडले. मग पाणी प्यायला उठले आणि आठवलं की मकगोरा तरी कुठं धड झालेत.

केअर्न आणि गॅरोशची झुंज. म्हातारा केअर्न ऑर्कसुद्धा नव्हे, टॉरेन, बैलाच्या तोंडाच्या जातीतला, पण नियम पाळून उतरला. केअर्नची वैरीण मॅगाथा, तिनं गॅरोशच्या कुऱ्हाडीला तेलाच्या नावाखाली विष लावलं होतं, आणि ते खुद्द गॅरोशलाही ठाऊक नव्हतं. पुढं 2014 मध्ये थ्रॉलनं गॅरोशला मारलं ते वीज बोलावून, आणि ते नियमात बसतं का यावर लोक अजून हमरीतुमरीवर येतात. म्हणजे हिरव्या राक्षसांच्या जगातही नुरा कुस्ती, घोळ आणि पंचांवर संशय. हसू आलं. आपल्या तालमीत बसवा यांना, शोभतील.

आणि सॉरफँग, होर्डचा जुना योद्धा. सगळ्यात कडवा, अब्रूचा भुकेला माणूस. त्यानंच शत्रूच्या मॅल्फ्युरियनच्या पाठीत कुऱ्हाड घातली, मग ते त्याला पचेना, मॅल्फ्युरियनचा जीव न घेताच निघून गेला. त्याची सेनापती सिल्व्हानस, तिला असलं काही कधी टोचलं नाही. नियमांचं असंच आहे, जो मानतो त्याचीच मान धरतात. मला राग याचा येतो. दादाला काहीच टोचत नसेल का? की टोचतं म्हणूनच केळी?

2019 मध्ये सॉरफँगनं सिल्व्हानसला वेशीसमोर मकगोरा मागितला तेव्हा जिंकणार नाही हे त्याला माहीत होतं. पण तिला इतकं डिवचलं की दोन्ही सैन्यांसमोर तिच्या तोंडून निघून गेलं, होर्ड म्हणजे काहीच नाही. तिनं त्याला काळ्या जादूनं मारलं आणि उडून गेली. तो मेला, पण युद्ध तिथंच संपलं, कारण ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

कालच्या चहाला साक्षीदार कोण होतं? केळी.

उद्या आत्याला फोन करते. रविवारी माझ्याबरोबर दादाकडं ये, नुसती बसून राहा, बोलू नको म्हणून सांगणार आहे. न बोलणं तिला जमणार नाही. पण तिच्यासमोर "मी कोण बोलणार" म्हणून दाखव म्हणावं. तिचा गुडघा धरलाय, रिक्षा करावी लागेल, आणि पोहे झाल्याशिवाय ती कुणाच्याच बाजूनं नसते.