पर्मनंट सोडून कॉन्ट्रॅक्टवर: माझं पावणेदोन वर्षांचं गणित

डिसेंबर २०२३ मध्ये अप्रेझलचं पत्र आलं, हाइक साडेचार टक्के. सात वर्षं एकाच कंपनीत, पुण्यातच, जावा डेव्हलपर, आणि मॅनेजर म्हणतो की बजेटच नव्हतं गं या वर्षी. त्याच आठवड्यात एका जुन्या कलीगचा फोन आला की त्यांच्या क्लायंटला कन्सल्टंट हवाय, दिवसाला ९ हजार, येतेस का. मी लगेच मोबाईलवर ९ हजार गुणिले २२ केलं, १ लाख ९८ हजार, आणि माझ्या हातात तेव्हा १ लाख ५ हजारांच्या आसपास यायचे, म्हणजे जवळपास डबल! ते गणित किती भोळं होतं हे कळायला मला वर्ष लागलं, म्हणून हे लिहितेय.

आधी एक गोष्ट, कारण लोक सगळ्यालाच कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. एक असतं थर्ड पार्टी पेरोल, म्हणजे काम एकाकडे आणि पगार एजन्सीकडून, पण सॅलरी स्लिप मिळते, पीएफ कापतात. दुसरं फिक्स्ड टर्म, म्हणजे तुम्ही कंपनीचेच पण ठरलेल्या मुदतीपुरते, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नवीन लेबर कोड लागू झाल्यापासून या लोकांना एक वर्षानंतरही ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम, मिळते. आणि तिसरं माझं, इनव्हॉइसवालं. यात तुम्ही कुणाचेच एम्प्लॉई नाही, तुम्ही स्वतःच एक दुकान आहात. फोनवर बोलताना मला हा फरक माहितीच नव्हता.

जानेवारीत राजीनामा टाकला. ९० दिवसांचा नोटीस पिरियड, त्यात सगळी नाटकं झाली, आधी थांब म्हणाले, मग अचानक बजेट निघालं (!), मग कुणी बोलेनासं झालं. ग्रॅच्युइटी मात्र नीट मिळाली. शेवटचा बेसिक ६० हजार, गुणिले १५, भागिले २६, गुणिले ७ वर्षं, २ लाख ४२ हजार आले. माझ्याच टीममधली एक साडेचार वर्षांत सोडून गेली होती, लागतात तेवढी वर्षं भरली नव्हती, तिला शून्य. त्यामुळे कुणी सोडायच्या विचारात असाल तर आधी जॉइनिंगची तारीख बघा.

खरी चूक मेडिक्लेममध्ये झाली. बाबांची २०१९ ला अँजिओप्लास्टी झालेली, शुगर पण आहे, आणि कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ते पहिल्या दिवसापासून कव्हर होते, त्यामुळे त्या विषयाकडे मी सात वर्षांत ढुंकूनही पाहिलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात एका मुलानं सहज सांगितलं की अगं, ग्रुपमधून त्याच इन्शुरन्स कंपनीच्या पर्सनल पॉलिसीत जाता येतं, म्हणजे जुनी वर्षं धरली जातात. एचआरला विचारलं तर म्हणे त्याचा अर्ज महिनाभर आधी द्यायला हवा होता. मग मला आधी का नाही सांगितलं? तर तुम्ही विचारलं नाहीत. शेवटी बाहेरून नवीन पॉलिसी काढली, आई-बाबा दोघांचा मिळून ७६ हजार प्रीमियम, आणि बाबांच्या हार्टला आणि शुगरला तीन वर्षं वेटिंग, म्हणजे तोवर त्या आजारांचा खर्च आपलाच.

आता दुकान उघडायचं. वर्षाचं बिलिंग २० लाखांच्या वर जाणार म्हणजे जीएसटी नंबर लागणार. आम्ही वाकडला भाड्यानं राहतो, तर जागेचा पुरावा म्हणून भाडेकरार, मालकाच्या नावाचं लाइट बिल आणि त्यांचं ना हरकत पत्र. मालक काका एमएसईबीतून रिटायर झालेले, त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, परत घातला आणि म्हणाले, "म्हणजे माझ्या फ्लॅटमध्ये कंपनी काढताय तुम्ही?" म्हटलं काका, कंपनी नाही हो, मीच आहे, बेडरूममध्ये लॅपटॉप घेऊन बसणार. "मशीन वगैरे?" नाही हो. "माणसं येणार?" नाही. "मग जीएसटी कशाला?" याचं उत्तर माझ्याकडेही धड नव्हतं. चहा झाला, सोसायटीच्या पाण्यावर अर्धा तास बोलणं झालं, मग सही केली. ऑफिसरनं एक क्वेरी काढली, कागद परत अपलोड केले, नंबर आला. करंट अकाउंट काढलं, सीए शोधला, वर्षाला २४ हजार फी.

१ एप्रिल २०२४, सोमवारी काम सुरू. काम चांगलं होतं, हे आधीच सांगते. मीटिंगा निम्म्या झाल्या, अप्रेझलचा फॉर्म नाही, टीम बिल्डिंगच्या नावाखाली शनिवारी लोणावळा नाही. सहा वाजता टाइमशीट भरली की विषय संपला. तासाला किंमत असली की लोक तो तास जपून वापरतात, हे मला पर्मनंट असताना कधीच दिसलं नव्हतं.

पैशाची मजा पहिल्या क्वार्टरनंतर कळली. जुलैचं उदाहरण देते. १७ तारखेला आषाढी आणि मोहरम एकाच दिवशी होते, ती सुट्टी वगळून २२ दिवस भरले. इनव्हॉइस १ लाख ९८ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी ३५ हजार ६४०. क्लायंट मूळ रकमेवर १० टक्के टीडीएस, म्हणजे माझ्या नावे आधीच भरायचा इन्कम टॅक्स, कापणार, १९ हजार ८००, आणि बँकेत येणार २ लाख १३ हजार ८४०. आकडा बघून छान वाटतं, पण त्यातले ३५ हजार सरकारचे. आणि गंमत अशी की क्लायंटनं दिले असोत वा नसोत, जुलैचा जीएसटी २० ऑगस्टला भरायचाच, उशीर झाला की लेट फी आणि वर व्याज. माझे जुलैचे पैसे आले ऑक्टोबरच्या मध्यात. त्यांच्या अकाउंट्समधल्या बाईंना मी इतके फोन केले की शेवटी आमची ओळखच झाली. तोवर जुलै, ऑगस्ट दोन्ही महिन्यांचा जीएसटी मी ग्रॅच्युइटीच्या पैशातून भरला. म्हणजे सात वर्षांची सेवा गेली क्लायंटच्या उधारीत!

मग सीए म्हणाला, उद्यम रजिस्ट्रेशन करा मॅडम, छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट आहे. छोट्या धंद्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि लटकवले तर ते देईपर्यंत त्या कंपनीला तो खर्च टॅक्समध्ये दाखवता येत नाही. इनव्हॉइसवर खाली तो नंबर टाकला, आणि त्यानंतर एकही पेमेंट ४५ दिवसांच्या पुढे गेलं नाही. विनंतीनं जे झालं नाही ते एका ओळीनं झालं.

दिवाळीला लक्षात राहील असं एक झालं. मी आठवड्यातून दोनदा हिंजवडीला क्लायंटच्या ऑफिसला जायचे, तिथे आयकार्डच्या पट्ट्यांचे रंग वेगळे आहेत, पर्मनंटचा निळा, आमचा केशरी. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी रिसेप्शनपाशी ड्रायफ्रूटच्या डब्यांची लाइन लागली, मी बोलत बोलत टीमसोबत त्यात उभी राहिले. टेबलापाशी पोचले तर त्या मुलीनं आधी पट्टा बघितला, मग माझ्याकडे, मग तिच्या लिस्टवर उगाच बोट फिरवत राहिली. बिचारीलाच जास्त लाज वाटत होती. मी म्हटलं अगं, मला वॉशरूमला जायचं होतं, चुकून लाइनीत आले. दोनशे-तीनशे रुपयांचा डबा असेल. ९ हजार रोज घेणाऱ्या बाईला त्या डब्याचं इतकं का लागावं, पण लागलं.

आणि नोव्हेंबरमध्ये बाबांच्या छातीत दुखलं. रात्री साताऱ्यात ॲडमिट, अँजिओग्राफी, देवाच्या कृपेनं नवीन ब्लॉक नव्हता. बिल ६८ हजार, सगळं खिशातून, वर मी चार दिवस तिथे, म्हणजे ३६ हजारांचं बिलिंग गेलं. हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी हा हिशोब करत होते, आणि त्याची लाज वाटत होती, आणि तरी करत होते. पर्मनंट असताना रजा म्हणजे रजा असते. कॉन्ट्रॅक्टवर रजेला भाव असतो आणि तो तुम्हाला पाठ असतो.

वर्षाचा हिशोब असा झाला. शनिवार-रविवार सोडून २६१ दिवस. त्यातले १२ सुट्ट्यांचे, १० क्लायंटच्या ख्रिसमस शटडाउनचे, १४ माझ्या रजांचे. उरले २२५, म्हणजे २० लाख २५ हजार. टॅक्स सीएनं इन्कम टॅक्सच्या ४४एडीए कलमाखाली भरला, यात निम्मं उत्पन्न खर्च म्हणून धरतात, पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. १० लाख साडेबारा हजारांवर नवीन रेजिममध्ये टॅक्स बसला ५३ हजार ९५०, कापलेला टीडीएस होता २ लाख अडीच हजार, उरलेला रिफंड परत आला. सीएची फी, प्रीमियम सगळं जाऊन महिन्याला सरासरी १ लाख ५५ हजार सुटले. डबल नाही, पण पूर्वीपेक्षा बरेच जास्त, जरी त्यातून पीएफसारखं काहीतरी स्वतःच बाजूला काढायचं असतं आणि मी ते चार महिने काढलंच नव्हतं.

टॅक्स वाचला म्हणून मी फार खूश होते, ते होम लोनपर्यंत. पर्मनंट असताना बँकवाले स्वतःहून फोन करून साठ लाखांचं सांगायचे. आता गेले तर संवाद असा. "मॅडम, कंपनी कुठली?" माझीच. "एम्प्लॉई किती?" मीच. त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली. दोन वर्षांचे आयटीआर, म्हणजे इन्कम टॅक्स रिटर्न, लागतील म्हणाले, माझ्याकडे एकच. आणि त्या एकातही उत्पन्न १० लाख दिसतंय, कारण निम्मं आपणच खर्चात टाकलंय ना! एक्सेल उघडून दाखवलं की अहो खात्यात किती येतात ते बघा, तर म्हणे ते ठीक आहे मॅडम, पण सिस्टीम आयटीआर बघते. नवरा अनुदानित शाळेत शिक्षक, त्याच्या एकट्याच्या पगारावर वाकडला फ्लॅट बसत नाही. पण एक खरं, त्याचा पगार दर महिन्याला फिक्स होता म्हणूनच मी हे सगळं करू शकले. घरात मी एकटी कमावती असते तर त्या जुलैनंतरच परत गेले असते.

मागच्या जूनमध्ये क्लायंटकडेच एक गोष्ट झाली, ती इथे सांगायलाच हवी. त्यांच्या निळ्या पट्टीवाल्यांतले नऊ जण एका मंगळवारी काढले. त्यात एक जण अकरा वर्षं तिथे होता, सकाळी मला कोड रिव्ह्यू देऊन गेला आणि चार वाजता लॅपटॉप जमा. मला १५ दिवसांची नोटीस असते, म्हणून मी कायम एक पाय दारात ठेवून असते, सहा महिन्यांचा खर्च एफडीत आहे. त्याच्या डोक्यात असं काही होऊ शकतं हेच नव्हतं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, तरी पण तू पर्मनंटचं बघच.

बघतेय. क्लायंटनंच ऑगस्टमध्ये विचारलं होतं, २२ लाखांचं पॅकेज, बाबांना ग्रुप मेडिक्लेम. हो म्हणायला तोंड उघडलं होतं, पण दुसरा आयटीआर यायचाय, मग बँकेत परत जायचंय, आणि तसाही तो निळा पट्टा किती दिवसांचा ते मी पाहिलंय. मार्चपर्यंत वेळ मागितलाय. बाबांच्या वेटिंगचं अजून सव्वा वर्ष बाकी आहे, आणि खरं सांगायचं तर २२ लाखांपेक्षा तोच आकडा जास्त ओढतो.

परवा भाडेकराराचे ११ महिने संपले, नवीन करार करायला काका वर आले. जीएसटीचं ना हरकत पत्र आता न वाचताच सही केलं. निघताना दारात थांबून म्हणाले, "तुमची कंपनी बरी चाललीय म्हणायची. आमच्या पुतण्याला घ्या की, बीसीएस झालाय."

म्हटलं काका, घेते, पण पर्मनंट नाही हं.

"मग राहू द्या," म्हणाले, आणि चपला घालायला लागले.