एस्थर मॅकॉय, डिग्री नसलेली आर्किटेक्चर इतिहासकार

मॉडर्न आर्किटेक्चरचा इतिहास लिहिणारे म्हटलं की पेव्सनर, गिडियन, बॅनहॅम ही मंडळी डोळ्यासमोर येतात, म्हणजे युनिव्हर्सिटी, लेक्चरं, जाडजूड पुस्तकं. एस्थर मॅकॉयचं नाव त्यात सहसा कोणी घेत नाही, आणि मला ते जाम खटकतं, कारण कॅलिफोर्नियातल्या ज्या घरांचे फोटो आपण आज इन्स्टावर सेव्ह करतो त्यांच्याबद्दल सगळ्यात आधी मन लावून लिहिणाऱ्यांत ही बाई होती. खुद्द बॅनहॅमनं तिला आम्हा सगळ्यांची आई म्हटलंय.

जन्म १९०४ चा. तरुणपणी न्यूयॉर्कला थिओडोर ड्रायझर या कादंबरीकारासाठी संदर्भ शोधून द्यायचं काम करायची, स्वतः कथाही लिहायची, मग १९३२ ला लॉस एंजेलिसला आली. महायुद्धात डग्लसच्या विमान कंपनीत ड्राफ्टिंग, म्हणजे तांत्रिक ड्रॉइंग काढायचं काम केलं आणि वाटलं आता रीतसर आर्किटेक्चर शिकावं. तर कॉलेजवाल्यांचा सूर असा की वय चाळीस, त्यात बाई, कशाला उगाच अर्ज करताय! मग १९४४ मध्ये ती थेट आर्किटेक्ट रुडॉल्फ शिंडलरच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून लागली. ऑफिस म्हणजे त्याचं किंग्ज रोडवरचं १९२२ चं घरच.

माझ्या मते तिचं खरं शिक्षण इथं झालं. शिंडलर बऱ्याचदा स्वतःच कॉन्ट्रॅक्टर असायचा, ड्रॉइंगमध्ये सगळं ठरवून टाकायचा नाही, साइटवर जाऊन बदलायचा. हे सगळं जवळून बघितलेल्या माणसाचं लिखाण वेगळंच असतं ना, ती घराबद्दल लिहिते तेव्हा आधी भिंत कशी उभी राहिली ते सांगते, स्टाइलचं नाव नंतर. १९३२ च्या न्यूयॉर्कमधल्या मोमा या मॉडर्न आर्टच्या म्युझियमच्या मॉडर्न आर्किटेक्चरवरच्या गाजलेल्या प्रदर्शनात शिंडलरला जागाच दिली नव्हती आणि हिनं १९४५ मध्ये त्याच्यावर लेख लिहिला.

१९६० मध्ये तिचं पाच कॅलिफोर्नियन आर्किटेक्टवरचं पुस्तक आलं. मेबेक, अर्व्हिंग गिल, ग्रीन बंधू आणि शिंडलर. (ग्रीन बंधूंचं प्रकरण तिनं रँडेल मॅकिन्सनकडून लिहून घेतलं.) यातला गिल मला सगळ्यात भारी वाटतो, १९१० च्या दशकात साध्या पांढऱ्या भिंती, नक्षी नाही, सपाट छप्पर, आणि १९३६ ला वारला तोवर लोक त्याला जवळपास विसरलेले. त्यानं डिझाइन केलेलं लॉस एंजेलिसमधलं डॉज हाउस पाडायची वेळ आली तेव्हा बाई नुसतं लिहून गप्प बसल्या नाहीत, लोकांना गोळा केलं, १९६५ मध्ये घरावर फिल्म केली, वर्षानुवर्षं भांडल्या. १९७० मध्ये पाडलंच शेवटी. आज ते घर बघायचं तर फोटो, ड्रॉइंग आणि तिची फिल्म, बस.

एक गोष्ट मात्र खुपते. ज्यांच्याबद्दल लिहायची त्यातले बरेच ओळखीचे, मित्रच, त्यामुळं कुणाची चूक स्पष्टपणे सांगायची वेळ आली की हात आखडता. १९६२ च्या केस स्टडी हाउसेसवरच्या (एका मासिकानं चालवलेला नमुना घरांचा कार्यक्रम) पुस्तकात हे जास्त जाणवतं, स्वस्तात आणि सगळ्यांना परवडतील अशी घरं हा त्या कार्यक्रमाचा मूळ हेतू किती साधला यावर मला तरी अजून कडक वाचायला आवडलं असतं. खासकरून तीसच्या दशकात गरिबांच्या घरांवर लिहिलेल्या बाईकडून.

वाचायला सुरुवात करायची तर मी म्हणेन १९७९ चं पत्रांचं पुस्तक घ्या. शिंडलर आणि रिचर्ड नॉयट्रा, दोघं आर्किटेक्ट, दोघं व्हिएन्नाचे, आधी एकाच घरात राहिलेले, मग बोलणं बंद, आणि १९५३ मध्ये योगायोगानं हॉस्पिटलच्या एकाच खोलीत आलेले! हे एखाद्यानं सिरियलमध्ये दाखवलं असतं तर आपण हसलो असतो. शिकागोचा नावाजलेला आर्किटेक्ट लुई सलिव्हननं म्हातारपणी हलाखीत असताना शिंडलरला लिहिलेली पत्रंही त्यातच आहेत, ती आधी वाचा.